वरवरचं नको

गुढियारी, रायपूर
९ जुलै २००१

सौ. प्रमोदिनीस,

गॅसचं कार्ड कुठं ठेवलं, एवढं विचारायले लिहून राहिलो. बाकी काही नाही. नवऱ्याचं माफीचं पत्र आलं म्हणून कौमुदीले वाचून दाखवू नको.

फोनच केला असता, पण तिकडे लेकीच्या घरी फोन जावई उचलतात अन् "आई पूजेत आहेत" म्हणतात. तीन महिन्यांत पंधरा वेळा तू पूजेत होतीस. तेहतीस कोटी देवांचे पाय चेपून झाले असतील आतापर्यंत.

मी मजेत आहे. एका भोजनालयाचा डबा लावला आहे. शिसारी येते. झाकण उघडलं की पहिले वास येते तो ओल्या फडक्याचा. वरण म्हणून जे काही येते त्यात डाळ शोधायले चष्मा लावा लागते. वर तेलाचा पिवळा थर, त्यात एकटं जिरं पोहून राहिलं. पोळ्या एकमेकींले अशा चिकटलेल्या की सोडवायले गेलं की फाटल्याच. अन् भाजी रोज आलूची! राजधानी झाली म्हणे, अन् या राजधानीत आलूशिवाय काही उगवतच नाही काय? परवा भाजीत केस निघाला. लांब, मेंदी लावलेला. चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहिला अन् डबा होता तसा बंद केला.

याचं कारण मालकानंच सांगितलं. नवीन राज्याची ऑफिसं उघडली, तर भोपाळहून बदलून आलेले बाबू भल्ले, ढिगानं झाले. बायकापोरं तिकडे, अन् हे इथं एकेका खोलीत चार-चार. सगळे त्याच भोजनालयावर तुटून पडतात. "क्या करें बाबूजी, तीस डब्बे थे, तीन सौ हो गए." म्हणजे डाळ तेवढीच, पाणी दहापट. वरून लाजही नाही.

मी रेल्वेत गुड्स क्लार्क होतो, हे त्याले ठाऊक नाही. छत्तीस वर्षांत एक फाटकं पोतं मी ताब्यात घेतलं नाही. डबाही घेत नाही, तसाच परत पाठवतो. चहा-बिस्किटावर माणूस छान राहते. उलट अंग हलकं वाटून राहिलं.

एका वरणावरून तू घर सोडून गेलीस, हे मी कोणाले सांगितलं नाही. विचारलं तर कौमुदीची तब्येत बरी नसते म्हणून सांगतो. एक गुलाबराव सोडून. त्याले मी न सांगताच सगळं कळते, मेल्याले.

श्रीपाद

ता. क. कार्ड नाही सापडलं तरी चालते. चहापुरता गॅस आहे.


२ ऑगस्ट २००१

सौ. प्रमोदिनीस,

तुझं पोस्टकार्ड पावलं. "फडताळात, मिठाच्या बरणीमागे." तीन शब्द! सरकारनं एवढं मोठं कार्ड छापलं ते कायले? त्यापेक्षा माझा पत्ता लांब होता.

डबा बंद केला. गुलाबराव ऐकेना. माझ्यासंगं गोदामात जन्म काढला, पण बोलते नेहमी तुझ्या बाजूनं. म्हणे, "श्रीपाद, तुझी विजार पाय नसल्यासारखी हलून राहिली." त्यानंच एक बाई पाठवली स्वयंपाकाले. फुलेसरी नाव. पलीकडच्या वस्तीत, पाऱ्यात राहते. चाळिशीची असेल. कपाळापासून हातापर्यंत गोंदलेली, अन् चालली की पायातले तोडे वाजतात. चोर तरी नसावी, एवढ्या आवाजानं कोणी चोरी करत नाही, असं आधी वाटलं होतं.

हिचं काय सांगू बाप्पा! सकाळी भात, संध्याकाळी भात. पोळी लाटते ती पापडासारखी नाहीतर जोड्याच्या तळव्यासारखी, मधलं काही तिले येत नाही. टमाटर तर असं घालते की जसं काही नवस बोलली. वांग्यात टमाटर, डाळीत टमाटर, मुनग्याच्या शेंगांत टमाटर. मी म्हटलं, "बाई, वरणात फक्त हिंग, हळद अन् वरून सांबार." तर ही दुकानातून सांबार मसाल्याची पुडी घेऊन आली! कोथिंबिरीले आपण सांबार म्हणतो, हे हिले कोण सांगणार? घरभर त्या मसाल्याचा वास. अजून पडद्यांतून गेला नाही.

अन् सगळ्यात किळसवाणं ऐक. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवते अन् सकाळी कांदा-मीठ लावून तो खाते. बासी म्हणतात. मले विचारते, "बाबू, बासी खाहू का?" शिळं! मी तिले ठणकावलं, "आमच्या घरात शिळं खायची रीत नाही." एक्केचाळीस वर्षांत माझ्या ताटात शिळा घास आला नाही, हे तर तूही कबूल करशील.

पण खरा राग वाढण्याचा आहे. ताट मांडते, एक पोळी अन् मूठभर भात घालते. तो संपत आला की विचारते, "अउ दँव का, बाबू?" आणखी देऊ का म्हणून. मी म्हणतो नको. की झालं! डेक्ची उचलली अन् चालली आत. दुसऱ्यांदा विचारणं नाही. "घ्या ना, चिमणीएवढं तर जेवलात," असं म्हणणं नाही. माणूस काय भिकाऱ्यासारखा ताट पुढं करून बसेल? वळणच नाही. मग मी उठतो, हात धुतो. उरलेलं सगळं घरी नेत असेल. डाव आहे तो. गुलाबरावले सांगितलं तर फिदीफिदी हसला.

कवळी थोडी ढिली झाली आहे. दातांच्या डॉक्टरनंच चुकीची बनवली होती. पोळी चावायले गेलो की खालची उडी मारते. म्हणून सध्या पोळी दुधात बुडवून खातो, म्हणजे दूध असलं तर.

तुले काही सांगायचं असेल तर कार्डाची दुसरी बाजूही असते.

श्रीपाद


२८ ऑगस्ट २००१

प्रमोदिनी,

लिहू की नको, असं तीन दिवस झालं. पण गुलाबरावची सून श्रावणी अन् आपली कौमुदी मैत्रिणी आहेत. तुले तिकडून तिखटमीठ लावून कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून अळणी घे.

गुलाबरावकडे गणपतीचं जेवण होतं. पाट-पंगत, केळीची पानं. श्रावणी वाढत होती. "काका, पुरणपोळी." नको. "एक तर घ्या." नको, नको. पानावर हात आडवा धरला तर पोट्टीनं बोटांच्या फटीतून पोळी सरकवली अन् वर तुपाची धार सोडली. असं पाच वेळा झालं. कढीगोळेही होते. तुझ्यासारखे नव्हते, पण होते. मी नको-नको करत खात गेलो, अन् कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. काहून बरं वाटून राहिलं, हे अजून कळलं नाही.

मग गोळा चावायले गेलो अन् खालची कवळी सुटली. कढीच्या वाटीत पडली. चुळुक आवाज झाला. समोर बसलेली पोरं खिदळली, अन् मोठी माणसं आपापल्या पानात पाहू लागली. ते त्याहून वाईट. आता ऐक मी काय केलं. बोटं घालून ती कढीतून काढली, गळत होती, अन् तशीच तोंडात बसवली. शेजारचा माणूस पानावरून उठला. मीही उठलो असतो त्याच्या जागी.

घरी आलो अन् सगळं ओकलो. पाचही पुरणपोळ्या. मोरीतच बसून राहिलो, उठायले जमेना. दुपार गेली तशीच. अंगावर माशा बसल्या, त्या हाकलायचाही कंटाळा आला. माझ्याच अंगाचा मले असा वास आला की डब्यातलं ओलं फडकं बरं.

संध्याकाळी फुलेसरी आली. नाकाले पदरही लावला नाही तिनं. मोरी धुतली, मले धुतलं, कवळी राखुंडीनं घासून पाण्यात ठेवली. मले उचलून पलंगावर आणलं. हो, उचलून. बाईमाणसानं! म्हणाली, "बाबू, तुमन तो सूपा असन हरू होगे हव." सुपासारखे हलके झालात म्हणे. मी तिले म्हणालो, जास्त बोलू नको.

हे तुले लिहिलं म्हणून धावत येशील अशी माझी अपेक्षा नाही. तुझा स्वभाव मी ओळखतो.

श्रीपाद


१६ सप्टेंबर २००१

प्रमोदिनी,

"डॉक्टरला दाखवा. कवळी नव्हे, स्वतःला." या वेळी पाच शब्द. प्रगती आहे.

दाखवलं. पेन्शनवाल्यांचं तपासणी शिबिर होतं, शाळेच्या हॉलमध्ये. गुलाबरावनं रिक्षात कोंबून नेलं अन् मी मधेच पडू नये म्हणून फुलेसरीले संगं घेतलं. डॉक्टरीण बंगाली, शर्मिष्ठा नावाची, कौमुदीपेक्षाही लहान. काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस किलो. मी म्हणालो, काटा बिघडलेला आहे. छत्तीस वर्षं काटे तपासले आहेत मी. ती म्हणाली, "देख लीजिए." मी खाली बसून पाहिला, हलवून पाहिला, वजन ठेवून पाहिला. काटा बरोबर होता.

रिटायर झालो तेव्हा मी एकसष्ट किलो होतो.

मग तिनं एक फॉर्म काढला. वजन घटा क्या? दाँत ठीक हैं? दिन में कितनी बार खाना? मी सगळ्याले ठीक है, ठीक है म्हणत गेलो. मग विचारलं, "खाना अकेले खाते हैं?" मी म्हणालो, "अकेला क्यों? पत्नी है घर में." गुलाबराव खोकला. ती म्हणाली, "तो पत्नी को बुलाइए." आता कोणाले बोलावू? गुलाबरावनं बाहेर जाऊन झाडाखालून फुलेसरीले आणलं.

तुले सगळं जसंच्या तसं सांगतो. तुले हसायचं असेल तर हस.

डॉक्टरीण म्हणाली, "खाना तुम बनाती हो?"

"हव, दीदी."

"तो बाबूजी खाते क्यों नहीं?"

"मैं तो रोज पूछथंव, दीदी. बाबू कहिथे, नको. नको माने नइ. त मैं रख देथंव."

हॉलमध्ये आपलेच मराठी लोक भरले होते. सगळे म्हातारे. असे हसले! बाकावरची एक आजीबाई म्हणाली, "अवं, आमच्यात नको म्हणजे नको नसते!" अन् गुलाबराव उभा राहून डॉक्टरणीले समजावू लागला, जसं काही रेल्वेचा नियम सांगून राहिला. "मैडम, हम लोगों में पहला नको शरम का. दूसरा नको आदत का. तीसरा नको सच्चा. तीन बार पूछना पड़ता है." बंगाली पोट्टी कपाळावर हात मारून फॉर्मवर काही लिहू लागली. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "भाषा की समस्या."

प्रमोदिनी, दीड महिना त्या बाईची भरलेली डेक्ची माझ्यापासून हातभर दूर होती अन् मी उपाशी उठत होतो. अन् शिव्या तिले घालत होतो. वळण नाही म्हणे! तिनं तर माझा शब्द पाळला. या घरात माझा शब्द पहिल्यांदा कोणी खरा मानला.

डॉक्टरीण शेवटी हसली नाही. माझं मनगट दोन बोटांत धरून म्हणाली, थंडीपर्यंत असंच चाललं तर साधा तापही तुम्हाले उठू देणार नाही. हे मी कोणाले सांगणार नव्हतो. तुले सांगून दिलं.

परत येताना फुलेसरी म्हणाली, "मुँह ले माँगव नइ, त पेट के बात ला कोन जानही?" तोंडानं मागणार नाही तर पोटातलं कोणाले कळेल? मले राग आला होता. सगळ्या हॉलनं माझं हसं केलं होतं. घरी आलो तर पोटात आगीचा डोंब. ताट मांडलं, जेवलो, अन् ती म्हणाली, "अउ दँव का?" अन् माझ्या तोंडून काय निघालं असेल? नको! इतकं होऊनही. जीभच जळो माझी. ती थोडी थांबली, माझ्याकडे पाहिलं, अन् डेक्ची घेऊन आत गेली.

मी तिच्यामागं गेलो. मागायलेच गेलो होतो, खरं सांगतो. दारात थबकलो. ती ओट्याखाली जमिनीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून, पाठ माझ्याकडे. माझा सकाळचा उरलेला भात पाण्यात कालवून, पातेल्यातूनच खात होती. घरी नेत नव्हती ती काही. माझं टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून शिळं करून खात होती.

तशीच बसत होतीस तू.

मले एकदम आठवलं. मी हात धुवून पंख्याखाली पेपर उघडायचो अन् आतून पातेल्याचा आवाज यायचा, खरवडल्याचा. एक्केचाळीस वर्षं तो आवाज ऐकला अन् वाटायचं, भांडी घासून राहिली. तू जेवत होतीस. भिंतीकडे तोंड करून, उरलं तेवढं. "आमच्या घरात शिळं खायची रीत नाही!" तुले लिहिलं मी हे. त्या बाईले छाती काढून सांगितलं. मग रोज उरत होतं ते जात कुठं होतं? कोण खात होतं? माझ्या ताटात शिळं आलं नाही कारण ते सगळं तुझ्या पोटात गेलं. ते पत्र वाचून तुले काय वाटलं असेल, मले विचारही करवत नाही. तीनच शब्दांचं कार्ड पाठवत होतीस, ते तुझे उपकार.

त्या डॉक्टरणीनं मले विचारलं, अकेले खाते हैं? तुले कोणी विचारायले पाहिजे होतं. घरात धडधाकट माणूस असताना तू रोज एकटी जेवलीस.

अन् आता त्या दिवसाचं. मी ते कोणाले सांगितलं नाही, कारण त्यात मी कसा दिसतो ते मले ठाऊक आहे. एप्रिल होता. तुले दोन दिवसांपासून ताप होता. गुलाबराव समोर बसला होता. तू भिंतीले धरून उठलीस अन् वरण-भात केलास. मी एक घास घेतला, मीठ नव्हतं. मी ताट सरकवलं अन् म्हणालो, "हे कुत्रंही खाणार नाही." तू ताट उचललंस, फाटकाबाहेर नेलंस अन् गल्लीतल्या पांढऱ्या कुत्र्यापुढं ठेवलंस. त्यानं चाटून-पुसून खाल्लं. तू आत येऊन एवढंच म्हणालीस, "खाल्लं हो त्यानं." अन् बॅग भरली. मले वाटलं, बायको तापात बरळून राहिली. गाडी सुटली तेव्हा कळलं, बरळत नव्हती.

मी इतके महिने रागावलो होतो ते तू मले गुलाबरावसमोर खाली पाहायले लावलं म्हणून. त्या पातेल्यात दुसरं वरण होतं काय, हे मी आजपर्यंत स्वतःले विचारलं नव्हतं. नव्हतं. मी सरकवलं अन् कुत्र्यानं खाल्लं, ते तुझ्याही वाटचं होतं. एकशेदोन ताप अंगात घेऊन तू उपाशी गाडीत बसलीस.

केसाची किळस आली, मोरीची आली. पण आज मले माझी जी आली आहे ना, ती धुवूनही जात नाही.

मी त्या रात्री परत ताटावर बसलो नाही. पण उपास केला असं समजू नको. उपाशी राहून कोणाचं काही फिटत नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो.

श्रीपाद


२० ऑक्टोबर २००१

प्रमोदिनी,

महिनाभर तुझं कार्ड नाही. मी समजून गेलो होतो. मग काल आलं. "दसऱ्याला यायचं तर या. आग्रह करणार नाही." पोस्टमनसमोरच वाचलं. तो विचारे, "बाबूजी, सब कुशल?" मी म्हटलं, आहे बाबा, कुशल आहे.

इकडचं सांगतो. मी मागायले शिकून राहिलो. हसू नको. पहिल्या दिवशी बाहत्तर वर्षांचा माणूस ताट पुढं करून बसला अन् शब्द बाहेर येईना. फुलेसरी डेक्ची घेऊन उभीच. मग मी कसाबसा म्हणालो, "अउ दे." ती "हव" म्हणाली अन् वाढलं, अन् आभाळ काही कोसळलं नाही. आता दोनदा मागतो. तिसऱ्यांदा ती स्वतःच विचारते, गुलाबरावनं तिले नियम शिकवून ठेवला आहे. तिसरं नको खरं, हे तिले पाठ झालं. शेहेचाळीस किलो झालो. काटा मीच तपासला.

तिले म्हटलं, तूही माझ्यासंगंच ताट घेऊन बस. आधी तयार होईना. "नइ बाबू, अइसने बने हे." असंच बरं म्हणे. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बसली. भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून. तिच्या टमाटरचा वीट अजून गेला नाही, खोटं कायले सांगू. मुनग्यातलं टमाटर म्हणजे निव्वळ अन्याय आहे. पण खातो. बासीही खाल्ली एकदा. बुळबुळीत लागते. पण नवीन बनवून घेतलेल्या कवळीले सोपी जाते.

अन् मंगळवारी मी स्वतः वरण केलं. फुलेसरीले सुट्टी होती. डाळ धुवायची असते, हे ठाऊक नव्हतं. हिंग किती ते ठाऊक नव्हतं, म्हणून डबी उलटी केली. खाली लागलं ते लागलंच, वर कच्चं. घरात असा धूर की गुलाबराव धावत आला, वाटलं मी पेटलो. तोंडात घालवत नव्हतं. त्यात मीठही नव्हतं, विसरलो होतो. सगळं खाल्लं. बसून, एकटा, भिंतीकडे तोंड करून, पातेल्यातून. कसं लागते ते पाहायचं होतं. वाईट लागते, प्रमोदिनी. वरण नाही, ते तसं बसणं.

आता दसऱ्याचं. पंचवीस तारखेच्या सकाळच्या गाडीनं येतो. एक दिवस आधी, कारण मले तयारी पाहिजे. जावयांले सांग, स्टेशनवर यायची गरज नाही. आग्रह करू नको, बरोबर आहे. कोणाले आग्रहानं जेवू घालायचं वय तुझं गेलं अन् माझी लायकीही गेली. मले लागेल ते मी तोंडानं मागीन. दिलं तर खाईन. नाही दिलं तरी ताट सरकवणार नाही. जेवून तू माझ्यासंगं यायचं की मी एकट्यानं परतायचं, ते तू ठरव. घराची किल्ली फुलेसरीकडे ठेवून राहिलो, ती एकट्याच्या नावानं परत मागू की दोघांच्या, ते तूच सांग.

पण एक गोष्ट मी तुले विचारल्याशिवाय ठरवली आहे. दसऱ्याच्या दिवशी पहिल्या पंगतीले तू बसायचं. गरम असतानाच. कौमुदी, जावई, मी, सगळे मागून. तुझ्या पानावर मी वाढीन. सांडेल, कडेले लागेल, वरण भाजीत जाईल, ते सहन कर.

एकच अडचण आहे, म्हणून हे पत्र. मी म्हणीन, "अजून घे." तू म्हणशील, "नको." आता माझं नको कसं असते हे तुले लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक. श्रावणीले ठाऊक, फुलेसरीलेही ठाऊक झालं. तुझं मले ठाऊक नाही. एक्केचाळीस वर्षांत मी तुले एकदाही विचारलं नाही, तर तू नको कधी म्हणणार?

ते खरं असते की वरवरचं, तेवढं कार्डावर लिहून कळव.

श्रीपाद